फोन दिला म्हणू नका, पोचला का बघा: ऑफिसच्या फोनवरच्या नेहमीच्या चुका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी टेलिफोन बोर्डावर बसते, त्याला आता २६ वर्षं होतील. पूर्वी समोर दिव्यांची रांग असलेला जाडजूड कन्सोल होता, आता पडद्याचा आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारा फोन आहे. एवढ्या काळात किती पोरंपोरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकून गेली, मोजलं नाही. चुका मात्र मोजल्यात. त्या वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत, दरवर्षी त्याच. नवीन चूक कुणी करून दाखवली तर माझ्याकडून चहा, असं मी सांगून ठेवलंय. गेल्या सहा वर्षांत एकदाच चहा पाजावा लागला, ते पुढे येईलच.

मोबाइलवर बोटं नाचत असतात, त्यामुळे टेबलावरच्या फोनचं शिकायचं काय, असं नव्या मुलांना वाटतं. पहिल्याच दिवशी वीस-बावीस बटणं दाबून बघतात आणि कुठली तरी सेटिंग बदलून ठेवतात. माझा नियम असा की पहिले आठ दिवस होल्ड, ट्रान्स्फर आणि म्यूट ही तीनच बटणं. बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे सांगितलं की तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

जोडला आणि ठेवला

आलेला फोन दुसऱ्याकडे द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे ट्रान्स्फर दाबायचं, डायल टोन आला की एक्स्टेन्शन नंबर लावायचा, समोरचा उचलेपर्यंत थांबायचं, "साहेब, पुण्याची पार्टी आहे, मालाचं विचारतायत" एवढं सांगायचं आणि मग रिसीव्हर ठेवायचा. दुसऱ्या तऱ्हेत ट्रान्स्फर, नंबर आणि रिंग जायच्या आत रिसीव्हर खाली. इंजिनियर लोक हिला ब्लाइंड ट्रान्स्फर म्हणतात. मी 'ढकलून देणं' म्हणते.

ढकललेला फोन तिकडे कुणी उचलला नाही, तर आमच्या सिस्टिममध्ये अर्ध्या मिनिटाने तो बोर्डावर परत येतो. काही ठिकाणी परतही येत नाही, नुसता कट होतो. परत आलेल्या फोनची रिंग वेगळी वाजते आणि पडद्यावर बाहेरच्या नंबराऐवजी आपलंच आतलं एक्स्टेन्शन दिसतं. पण हे बघायला पडद्याकडे बघावं लागतं.

२००८ चा पावसाळा. मोबाइलवर वीस-तीस रुपयांचा बॅलन्स टाकून लोक जपून बोलायचे, ते दिवस. आमचा एक ट्रक कास्टिंग घेऊन पुण्याला निघाला होता, खंबाटकी घाटात त्याच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हरने फोन केला तेव्हा मी जेवायला गेले होते आणि बोर्डावर पंधरा दिवसांची नवी मुलगी होती. डिस्पॅचला द्या म्हणाला. हिने ट्रान्स्फर दाबलं, नंबर लावला आणि ठेवला. डिस्पॅचमध्ये चिटपाखरू नव्हतं, सगळे वजनकाट्यावर. अर्ध्या मिनिटाने फोन परत. हिने उचलला आणि गोड आवाजात 'नमस्कार'पासून सुरुवात केली. कोण बोलतंय, कोण पाहिजे. "अहो ताई, डिस्पॅच!" पुन्हा ढकलला, पुन्हा परत, पुन्हा नमस्कार. चौथ्या खेपेला तो शिवी देऊन बोलला असं तिचं म्हणणं. पाचवी खेप झालीच नाही, कारण त्याचा बॅलन्स संपला.

मी डबा धुऊन आले तर बाई खुशीत. "मॅडम, ड्रायव्हरचा फोन आलता. मी दिलो की डिस्पॅचला." (आमच्या कोल्हापुरी पोरी अशाच बोलतात, मी दिलो, मी गेलो. बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

"उचलला कुणी?"

"उचलला असंलच की!"

गाडी रात्रभर घाटात उभी. सकाळी ड्रायव्हरने एका टपरीवरून फोन केला तेव्हा आम्हाला पत्ता लागला. माल दीड दिवस उशिरा पोचला, पुण्याच्या पार्टीने जे बोलायचं ते साहेबांना बोललं आणि साहेब मला बोलले, कारण बोर्ड माझा. मुलीला मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिला तिच्याच मोबाइलवरून फोन लावायला लावला आणि चार वेळा ढकलला. चौथ्या वेळी तिचाच चेहरा उतरला.

तेव्हापासून आमच्याकडे ढकलायला बंदी आहे. समोरच्याचा 'हॅलो' आपल्या कानावर आला की मगच रिसीव्हर ठेवायचा. सहा-सात रिंगा झाल्या आणि उचललं नाही, तर बाहेरच्या माणसाला परत आपल्याकडे घ्यायचं. हे परत घेणं शिकवायला सगळे विसरतात. आमच्या फोनवर त्याला कॅन्सल आहे, काहींवर ट्रान्स्फरच पुन्हा दाबतात. तुमच्या फोनवर काय आहे ते आपल्याच मोबाइलवरून फोन लावून आधी करून बघा, गिऱ्हाइकावर प्रयोग नको. दोनदा प्रयत्न करून साहेब सापडले नाहीत तर वहीत नाव, नंबर, वेळ आणि निरोप लिहून घ्या. कॉलची यादी फोनमध्ये असतेच की, असं मुलं म्हणतात. यादीत नंबर असतो, पाटा तुटल्याचं नसतं.

साध्या फोनवर ट्रान्स्फरचं बटणच नसतं, तिथे फ्लॅश दाबतात. जुनी माणसं रिसीव्हर ठेवायची खुंटी टिचकी मारल्यासारखी दाबतात आणि निम्म्या वेळा फोन कट करतात. फ्लॅश म्हणजे लाइन क्षणभर तोडणं. थोडीशी तुटली तर ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं एक्स्चेंज, समजतं की याला काहीतरी सांगायचंय, जास्त वेळ तुटली तर समजतं की फोन ठेवला. बटण तो वेळ मोजून तोडतं, १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद, फोनमध्ये जे लावलं असेल ते. फ्लॅश दाबला की दरवेळी फोन कटच होत असेल तर फोनमधला आणि सिस्टिममधला वेळ जुळत नाही एवढंच. टेक्निशियनचं पाच मिनिटांचं काम आहे. पण लोक वर्षभर "आमच्या फोनवरनं ट्रान्स्फर होत नाही" म्हणत बसतात.

म्यूटचा दिवा

होल्डवर टाकलं की तुम्ही त्याला ऐकत नाही आणि तो तुम्हाला, त्याच्या कानात गाणं वाजतं. म्यूट केलं की तो तुम्हाला ऐकत नाही, पण तुम्ही त्याला ऐकता. पाठ करा म्हणत नाही, पण म्यूट हे एकच बटण चालू आणि बंद दोन्ही करतं, हे विसरू नका.

आमच्या परचेसच्या एका साहेबांनी कोक, म्हणजे भट्टीचा कोळसा, पुरवणाऱ्या पार्टीला स्पीकरवर घेतलं होतं. समोर दोघं असिस्टंट. पार्टीने भाव सांगितला, साहेब "एक मिनिट हं" म्हणाले आणि म्यूट दाबलं. त्याच क्षणी शेजारच्या असिस्टंटने, साहेब विसरले असतील म्हणून, टेबलावरून वाकून तेच बटण दाबलं. एकाने बंद केलं, दुसऱ्याने चालू. दिव्याकडे तिघांपैकी एकानेही बघितलं नाही. मग साहेब निवांत म्हणाले, "दोन रुपयं खाली येतोय बघ, गोडाऊन भरलंय त्याचं, लटकू दे दोन दिवस." स्पीकरमधून आवाज आला, "भरलंय खरं साहेब, पण रुपयाच्या खाली नाही जमणार."

तो व्यवहार झाला, आणि भावही रुपयानेच उतरला. माणूस दिलदार होता म्हणून, म्यूटमुळे नव्हे.

माझी सवय विचाराल तर, तोंडावर बोलता येणार नाही असं काही बोलायचं असेल तर म्यूट नाहीच, होल्ड. आणि तेही दिवा बघून. रिसीव्हरवर तळहात दाबून बोलणाऱ्यांना तर मी हातच जोडते. तिकडे सगळं ऐकू जातं.

एका ठिकाणी मात्र होल्ड नडतो, तो म्हणजे कॉन्फरन्स. पाच जण बोलतायत आणि त्यातल्या एकाने आपल्या फोनवर होल्ड दाबून मोबाइल घेतला, तर त्याच्या ऑफिसचं गाणं उरलेल्या चौघांना ऐकत बसावं लागतं. तिथे म्यूट. आणि कॉन्फरन्स ज्याने जोडली त्याने मध्येच फोन ठेवू नये, बऱ्याच फोनवर सगळ्यांचीच लाइन तुटते.

शून्य खाल्लं की फोन लागत नाही

'मोबाइलला फोन लागत नाही' ही तक्रार आली की मी न बघता सांगते, शून्य मोजा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. आमच्या बोर्डावर बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच. म्हणजे एक लाइनीसाठी, एक मोबाइलसाठी आणि मग दहा आकडे. लोक दोन शून्यांना एकच समजतात. ११२ लावायलाही आमच्याकडे आधी लाइनीचा शून्य लागतो. ऐन वेळी कुणी आठवत बसू नये म्हणून प्रत्येक फोनखाली तशी चिठ्ठी चिकटवलीय.

फॉरवर्ड, म्हणजे आपला फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं, लावताना लोकांना आठवतं, काढताना नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कारखान्यात पोचता येईना, तेव्हा एका साहेबांनी आपलं एक्स्टेन्शन घरच्या फोनवर वळवून घेतलं. शहाणपणाचंच केलं. पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला, २ सप्टेंबरला गणपती बसले, आणि आमचे ग्राहक अजून त्यांच्या घरी फोन करत होते. वहिनी मोदकाच्या उकडीत हात घालून डिस्पॅचची चौकशी करणाऱ्यांना उत्तरं देत होत्या. आणखी एक गोष्ट, बाहेर वळवलेला फोन दोन लाइनी अडवतो, एक येणारी आणि एक जाणारी. चारच लाइनी असल्या आणि दोघांनी फॉरवर्ड लावला की अख्ख्या कारखान्याला एंगेज टोन. फॉरवर्ड चालू असला की रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन बहुतेक सिस्टिममध्ये तुटक येतो. नेहमीपेक्षा वेगळा टोन ऐकला तर नंबर लावायच्या आधी थांबा.

डीएनडी, म्हणजे रिंगच वाजू न देणारं बटण, लावून 'मला फोनच येत नाहीत' म्हणणाऱ्यांवर जागा खर्च करत नाही.

बँकेच्या किंवा कस्टमर केअरच्या फोनवर '१ दाबा, २ दाबा' ऐकून दाबलं तरी काही होत नसेल, तर फोन उलटा करा. जुन्या फोनच्या खाली किंवा बाजूला पी आणि टी लिहिलेली छोटी कळ असते. ती पी वर, म्हणजे पल्सवर, गेली असेल तर टी वर आणा. टोनमध्ये प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम वाजतात, ५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. पलीकडचं यंत्र त्या जोडीवरून आकडा ओळखतं. पल्समध्ये नुसती टकटक जाते, ती त्याला कळत नाही. ही कळ झाडूवाल्या मावशींच्या फडक्याने सरकते, त्यांचा दोष नाही.

स्पीकरचा माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला असतो. नेमकी तिथेच फाइल टेकवतात आणि मग ओरडतात. स्वस्तातल्या स्पीकरवर दोघांनी एकदम बोललं की एकाचा आवाज गिळला जातो. थांबून बोला.

आता तो चहा. आयपी फोनच्या पाठीला दोन सारखीच भोकं असतात, एक भिंतीकडून येणाऱ्या नेटवर्कच्या वायरीसाठी आणि एक तुमच्या कॉम्प्युटरला पुढे द्यायला. एका उत्साही मुलाने टेबलाखाली लोंबणारी वायर बघितली आणि बरं दिसत नाही म्हणून ती भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचली. फोनची दोन्ही टोकं एकाच स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याला! नेटवर्कमध्ये घेर तयार झाला, तीच माहिती गोल गोल फिरत राहिली, आणि दहा मिनिटांत त्या मजल्यावरचे फोन, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळे ठप्प. शोधायला अडीच तास गेले. चहाबरोबर वडाही दिला.

लाइट गेली की आयपी फोन मरतो, कारण त्याला वीज त्याच नेटवर्कच्या वायरीतून किंवा अडॅप्टरने मिळते. पूर्वीच्या लँडलाइनला ती एक्स्चेंजकडूनच यायची. बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर एक ठरलेलं एक्स्टेन्शन सरळ बाहेरच्या लाइनीला जोडलं जायची सोय असते. तुमच्याकडे तो फोन कुठला, हे आजच विचारून ठेवा आणि त्याच्यावर साधा, बिनविजेचा फोन लावा. आमचा गेटवर वॉचमनजवळ आहे.

राहिली खरखर. फोन खरखरतो म्हणून लोक नवीन फोन मागतात. आधी स्पीकरवर बोलून बघा. स्पीकरवर आवाज स्वच्छ असेल तर फोन चांगला आहे, बहुतेक वेळा रिसीव्हरची गुंडाळीची वायर गेलेली असते, आणि ती लक्ष्मीपुरीत कुठेही किरकोळ पैशात मिळते. नुसता पीळ पडला असेल तर रिसीव्हर टेबलावरून खाली लोंबकळत सोडा, गरगर फिरून स्वतःच मोकळा होतो. आमच्या अकाउंट्समध्ये एक जण बोलताना ती वायर बोटाला गुंडाळत बसतात. त्यांना मी वर्षाला दोन वायरी देते, रजिस्टरला सही घेऊन.