शिकवणीचं पोर्टल बनवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या गणिताच्या एका सरांच्या दारात, जूनमधल्या एका संध्याकाळी, दोन पोरं आणि दोन आया. दोघींना वेळ एकच, पाचची. दोघींच्या मोबाइलवर, पालकांना शिकवणीचे सर मिळवून देणाऱ्या आमच्याच पोर्टलचा ‘बुकिंग झालं’ असा मेसेज. सरांनी मला फोन लावला, “काय ओ, माझं घर हाय का केएमटी बसचा थांबा?”

चूक माझी होती. वेळ मोकळी आहे का हे कोड आधी बघायचा, मग पैसे घ्यायचा आणि शेवटी नोंद करायचा. या मधल्या दीड मिनिटात दुसऱ्या आईलाही तीच वेळ मोकळी दिसली. आता पैसे भरायला जातानाच वेळ दहा मिनिटांसाठी धरून ठेवतो, आणि शेवटचा पहारा डेटाबेसवर सोपवलाय. तिथेही मी आधी अर्धवट काम केलं होतं. ‘एका सरांची सुरुवातीची वेळ दोनदा नको’ एवढीच अट घातली. मग पाच ते सहाच्या डोक्यावर साडेपाच ते साडेसहा येऊन बसलं. खरी तपासणी अशी हवी: नवा तास जुना संपायच्या आत सुरू होतोय आणि जुना सुरू झाल्यावर संपतोय, तर नकार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी नाकारणारी अट) तयार मिळतो, तो वापरा.

यूपीआयचंही एक दुखणं आहे. पैसे खात्यातून जातात, पण स्क्रीनवर चक्र फिरतच राहतं. घाबरून माणूस पुन्हा बटण दाबतो आणि फी दोनदा जाते. प्रत्येक बुकिंगला एकच क्रमांक द्या, तोच पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या सेवेला) पाठवा आणि पुन्हा बटण दाबल्यावर आधी जुन्या व्यवहाराचं काय झालं ते विचारा. उत्तर येईपर्यंत वेळ सोडू नका.

आता अंतराकडे येऊ. नकाशावर कसबा बावडा आणि वडणगे अगदी शेजारी दिसतात, म्हणून आमचं पोर्टल वडणग्याच्या पोरांना बावड्याच्या मॅडम सुचवत होतं. मध्ये पंचगंगा आहे हे त्याला कोण सांगणार? उन्हाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरून जाता येतं. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की शहरातून, शिवाजी पुलावरून वळसा. स्टँडकडून राजारामपुरीत यायचं तरी मध्ये रेल्वेरूळ आहेत, आणि मोठा पाऊस झाला की परीख पुलाखाली पाणी साचतं. सरळ रेषेतलं अंतर इथे कामाचं नाही. रस्त्याने लागणारा वेळ धरा. घरी जाऊन शिकवणाऱ्या सरांच्या दोन तासांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. शिवाय त्या दिवसाचा तास ऑनलाइन करायचं बटण सरांच्या हाताशी ठेवा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी तिथवर चढलं की त्या आठवड्यात हे बटण किती दाबलं जातं ते बघाच.

शोधाच्या चौकटीत ‘दहावी गणित’ एवढं ठेवून भागत नाही. मराठी माध्यम, सेमी की इंग्रजी? राज्य बोर्ड की सीबीएसई? सेमीचं पोरगं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतं, इतिहास मराठीतून. राज्य बोर्डात गणिताचे भाग दोन, आणि भूमितीलाच अडलेल्या पोराला बीजगणितात हातखंडा असलेले सर देऊन काय उपयोग?

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र कोडमधली नव्हती. आम्ही शिकवणीला रिक्षाचं भाडं समजलो: प्रत्येक तासाला बुकिंग, प्रत्येक तासाला कमिशन. शिकवणी एकदा लागली की जूनपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत चालते. पहिल्याच तासाला चहा होतो, नंबर दिले-घेतले जातात आणि पोर्टल बाजूला पडतं. ते थांबवायला आम्ही चॅटमध्ये दहा आकडे अडवले. एका काकांनी सगळा नंबर अक्षरांत लिहून पाठवला, ‘नऊ आठ दोनदा शून्य’ असा! तेव्हा नाद सोडला. आता शिकवणी पक्की झाली की सरांकडून एकदाच ठरावीक रक्कम घेतो. हजेरी, फीची पावती आणि सर आजारी पडले तर बदली सर, एवढ्यासाठी लोक आपणहून पोर्टलवर राहतात.

सुरुवातीला गिटारपासून जर्मनपर्यंत सगळे विषय मांडू नका. रिकामी पानं बघून गेलेला पालक परत येत नाही. एक भाग, दोन विषय, आणि शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. मार्चमध्ये तर सुरू करूच नका; पालक विचारायला लागतात ते जूनमध्ये, नाहीतर सहामाहीचे मार्क हातात पडल्यावर.

रेटिंगचं गणितही बघा. एकाच पालकाने, बहुधा मेहुण्याने, पाच तारे दिले की नवे सर वर आणि चाळीस जणांकडून 4.7 मिळवलेले सर खाली. प्रत्येकाच्या खात्यात सरासरीची पाच काल्पनिक मतं आधीच टाका. सगळ्यांची सरासरी 4.2 असेल तर मेहुण्याचे सर 4.33 वर येतात आणि चाळीसवाले 4.64 वर.

कायद्याच्या दोन गोष्टी. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. त्यामुळे नोंदणीतच ‘सध्या शाळेत नोकरी आहे का?’ हा प्रश्न ठेवा. आमच्या यादीतली काही मोठी नावं यात गळाली, गळू दिली. दुसरं, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं पोर बालकच. पालकांची पडताळता येणारी संमती लागते, म्हणून खातं आई-वडिलांच्या नावाने उघडा आणि पोराचा फोटो मागूच नका.

ते राजारामपुरीचे सर अजून आमच्याकडेच आहेत. फक्त दर रविवारी रात्री आठवड्याचं वेळापत्रक फोनवर वाचून दाखवायला लावतात.