बायॉस टाकायच्या आधी

हार्डवेअरच्या कामाला लागलेल्या पोरांच्या कानावर एक सल्ला हमखास पडतो: "चालतंय ना? मग बायॉसला हात लावू नको." मी तो आता अर्धाच मानतो. बायॉस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधलं, मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारं सॉफ्टवेअर. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होते. त्यावरचा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) २०२४च्या ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने बायॉस अपडेटमधून आला. झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, पुढचं टळतं एवढंच. म्हणजे "चालतंय" म्हणून सोडून दिलेली मशीन आतल्या आत झिजत होती. अर्थात नवी आवृत्ती दिसली की टाकली, हेही नको. कशासाठी टाकतोय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

दुकानात सगळ्यात जास्त येणारं कारण मात्र साधं आहे. बी४५० चिपसेटचे मदरबोर्ड २०१८चे, एएमडीचे रायझन ५००० प्रोसेसर आले २०२०च्या नोव्हेंबरात. सॉकेट तोच एएम४. प्रोसेसर छान बसतो, पंखे फिरतात आणि नो डिस्प्ले, कारण जुना बायॉस त्याला ओळखत नाही. नवखा माणूस रॅम बदलतो, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलतो, शेवटी बोर्ड डेड म्हणून बाजूला ठेवतो. त्याआधी कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. कुठला प्रोसेसर कुठल्या बायॉसपासून चालतो हे तिथे स्पष्ट दिलेलं असतं. आमच्या ड्रॉवरमध्ये एक जुना रायझन कायम असतो, तो याच कामासाठी: तो लावायचा, बायॉस टाकायचा, मग गिऱ्हाइकाचा नवा बसवायचा. बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायॉस टाकायचं) बटण असेल तर प्रोसेसरचीही गरज नाही. पेनड्राइव्ह फॅट३२, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच आणि पोर्टही खूण केलेलाच. बटण दाबूनही काही होत नसेल तर बहुतेक वेळा या तिघांतलंच काहीतरी चुकलेलं असतं.

फाइल उतरवताना बॉक्सवर विसंबू नका, बोर्डावर छापलेलं वाचा. गिगाबाइटचे बी४५०एम डीएस३एच आणि त्याच नावाचा व्ही२ हे वेगळे बोर्ड आहेत, त्यांचे बायॉसही वेगळे. कोपऱ्यात बारीक अक्षरात रिव्हिजन असते. मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा.

लाइटचं काय सांगायचं! आमच्याकडे गुरुवारी ती जाणारच, म्हणून हे काम यूपीएसवरच.

बटण दाबायच्या आधी दोन गोष्टी. पहिली बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. विंडोज ११च्या कित्येक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायॉस बदलला की चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की आहे का ते बघा, मग बिटलॉकर सस्पेंड करा. दुसरी गोष्ट सेटिंग. अपडेटनंतर बहुतेक सगळी मूळपदावर जातात, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो आधीच काढून ठेवा. एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) गेलं की ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर धावते, व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत आभासी मशीन चालवायची सोय) बंद झालं की डेव्हलपर गिऱ्हाइकाचा संध्याकाळी फोन येतोच. रेड किंवा व्हीएमडी ही डिस्कची सेटिंग बदलली तर विंडोजच उठत नाही, आणि मग आळ येतो हार्ड डिस्कवर.

डीडीआर५च्या मशीनवर अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग चाललेलं असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. इथे घाबरून पॉवर काढणारे बरेच बघितलेत. चहा घेऊन या.

एवढं करूनही बोर्ड मेला, तर उरतो सीएच३४१ए प्रोग्रामर (बायॉसच्या चिपवर थेट लिहिणारं साधन) आणि चिपला लावायची क्लिप. स्वस्त साधन आहे, शिकून ठेवा, पण आधी बायॉस आयसीचा नंबर वाचा. १.८ व्होल्टची आयसी थेट त्यावर लावली तर तीही जाऊ शकते. लिहिण्याआधी आतलं जे काही आहे ते दोनदा वाचून घ्या, दोन्ही फाइली जुळल्या तरच पुढे. लॅपटॉपच्या आयसीत सिरियल नंबर, बऱ्याचदा विंडोजची कीसुद्धा असते, आणि साइटवरच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं. तो जुना डंप, म्हणजे आधी वाचून घेतलेली फाइल, गिऱ्हाइकाच्या नावाने ठेवा, मशीन परत गेल्यावरही.