बॅकलॉग लागला की मनात येणारं पहिलं वाक्य वहीत उतरवा

छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. दर सेमिस्टरला रिझल्ट लागला की एक गोष्ट हमखास दिसते. दोघा रूम पार्टनरांचा एकच विषय राहिलेला असतो. एक जण दोन दिवस चिडतो, कॉलेजला शिव्या घालतो आणि मग रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतो. दुसरा मेसला यायचं बंद करतो, गावाकडचा फोन उचलत नाही. धक्का दोघांना सारखाच बसला, पण दुसऱ्याच्या मनात त्या धक्क्यामागोमाग एक वाक्य येऊन बसलं. हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यानंही वाचावा, शेवटचा भाग त्याच्याच कामाचा आहे.

लिन अब्रामसन, जेराल्ड मेटाल्स्की आणि लॉरेन अ‍ॅलॉय या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली निराशेतून येणाऱ्या नैराश्याचा (डिप्रेशनचा) सिद्धांत मांडला. वाईट घटनेचं कारण कायमचं आहे आणि ते आयुष्यभर सगळीकडे नडणार, असं मानायची सवय असलेल्या माणसाला ताण आला की नैराश्याचा धोका वाढतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात ‘चूक माझ्यातच आहे’ हे धरलं की माणूस स्वतःच्या नजरेतूनही उतरतो. मी वर्गात तीन शब्द फळ्यावर लिहिते : माझ्यामुळेच, कायमचंच, सगळीकडेच. नुसती सवय असून माणूस आजारी पडत नाही आणि नुसत्या ताणानंही प्रत्येक जण पडत नाही. दोन्ही एकत्र आले की जपायचं.

तर करायचं असं. रिझल्टच्या, भांडणाच्या किंवा गाईडनं सगळ्यांसमोर झापल्याच्या दिवशीच साधी शंभर पानी वही घ्या. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. प्रमाण मराठीत सुधारून लिहू नका, घरी जसं बोलता तसंच लिहा. घनसावंगीकडच्या एका मुलानं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) गणिताचा पेपर राहिल्यावर लिहिलं होतं : ‘आपल्याच्यानं हे होत नसतंय. बापाचे पैसे पाण्यात.’

आम्ही दोघांनी त्या ओळीवर पेन फिरवला. ‘आपल्याच्यानं’ म्हणजे माझ्यामुळेच. ‘होत नसतंय’ म्हणजे कायमचंच. ‘हे’ म्हणजे काय रे, असं विचारलं तर म्हणाला, ‘शिक्षणच, मॅडम.’ म्हणजे सगळीकडेच. मग मार्कमेमो काढला. केमिस्ट्रीत 61 होते. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, तर इंटिग्रेशनचे प्रश्न कोरे आणि बाकीचा पेपर बरा होता. बारावीपर्यंत मराठीतून समजून घेतलेलं गणित इथं इंग्रजीतून धडाधड पुढं गेलं होतं, आणि मागच्या बाकावरून हात वर करायची त्याला लाज वाटत होती. पानावर खाली त्यानं नवं वाक्य लिहिलं : ‘इंटिग्रेशन मला इंग्रजीतून कळलेलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.’

हे वाक्य गोड नाही, पण खरं आहे, आणि त्याच्यापुढं काहीतरी करता येतं. म्हणूनच भिंतीवर ‘मी जिंकणारच’ असं चिकटवण्यावर माझा विश्वास नाही. मन त्याला लगेच खोटं पाडतं आणि पोरगं आणखी खचतं. पुरावा मार्कमेमोतून, झेरॉक्समधून, सोबत शिकणाऱ्याच्या तोंडून आणायचा.

आता ‘बापाचे पैसे पाण्यात’. इथं सावध राहा. काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं आणि खोलीचं भाडं थकलं, तर ती विचारांची चूक नाही, ती अडचण आहे. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं त्यावर कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. अशा गोष्टी वहीच्या वेगळ्या पानावर लिहा आणि प्रत्येकीपुढं कुणाला भेटायचं ते लिहा. महाडीबीटीचा अर्ज कुठं अडकलाय ते स्कॉलरशिपच्या क्लार्कला विचारा, कमवा व शिका योजनेबद्दल विद्यार्थी विकास विभागात विचारा, भाड्याबद्दल घरमालकाशी स्वतः बोला, तो दारात यायची वाट बघू नका.

आणि रात्री दोन वाजता ही वही उघडू नका. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-हॉक्सेमा यांनी दाखवून दिलंय की ‘माझंच असं का होतं’ हे उगाळत बसल्यानं उदासी लांबते आणि वाढते. लिहायला उजेडातली अर्धा तास वेळ ठरवा, मग वही बंद. रात्री तेच डोक्यात आलं तर ‘उद्या लिहीन’ म्हणून उठा, पाणी प्या. सकाळी एखादं छोटं काम ठरलेल्या वेळीच करा : आंघोळ, मेस, अभ्यासिकेत अर्धा तास. इच्छा व्हायची वाट बघू नका. काम केल्यावर इच्छा मागून येते.

वही पुरत नाही असंही होतं. दिवसाचा बराचसा वेळ उदास किंवा कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली, अंगात त्राण नाही, अक्षरं डोक्यात शिरत नाहीत, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टर गाठा. घाटीत (इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, वही सोबत न्या. औषध सुरू झालं तर गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच स्वतःच्या मनानं गोळ्या सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीतून बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच कुणाला तरी सांगा आणि हा नंबर लावा.

रूम पार्टनरसाठी. मित्र गप्प झाला, वस्तू वाटायला लागला, ‘माझ्यामुळं सगळ्यांना त्रास’ असं म्हणायला लागला, तर सरळ विचारा : ‘जीव द्यायचे विचार येतात का तुला?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत दवाखान्यात जा, घरच्यांपैकी ज्याच्याशी त्याचं पटतं त्याला फोन करा. तो गावाकडं जाणार असेल तर घरी फवारणीची औषधं असतात, ती कुलपात किंवा शेजाऱ्याकडं ठेवायला सांगा. पोलिसांच्या भीतीनं कुणी दवाखाना टाळत असेल तर त्याला सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं.