अमेरिकेत घर नाकारलं, तर आधी वही काढा

फोनवर माझं नाव ऐकताच घरमालक म्हणाले, "घर गेलं भाड्यानं." तासाभरानं मैत्रिणीनं विचारलं, तर "उद्या या बघायला." त्याच रात्री मी तारीख, वेळ आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहिले, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला. तुम्हीही आधी हेच करा. आठवड्यानं नेमके शब्द आठवत नाहीत.

१९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट वंश, वर्ण, मूळ देश, धर्म आणि १९७४ पासून लिंग यांवरून घर नाकारू देत नाही. १९८८ च्या दुरुस्तीनं अपंगत्व आणि घरात मुलं असणं हेही त्यात आलं. "मुलं आहेत ना, मग तळमजलाच घ्या" हेसुद्धा चालत नाही. विकत घेणाऱ्यांनो, "तुमची माणसं तिकडेच राहतात" म्हणत एजंटनं एकाच भागातली घरं दाखवणं बेकायदा आहे. गृहकर्जालाही हाच नियम.

तक्रार 'हड'कडे, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, १ वर्षाच्या आत करा, फी नाही. कोर्टासाठी २ वर्षं मिळतात. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला काही सूट आहे, पण भेदभावाची जाहिरात त्यालाही करता येत नाही. म्हणून तो स्क्रीनशॉट जपा.