जळगाव ते पलाऊ: आठवडाभर बोटीवर राहून स्कूबा करायचं असेल तर

खान्देशातून कुणी डायव्हिंगला निघालं की घरातून पहिला प्रश्न ठरलेला, "भो, इतलं लांब पाणीमा बुडाले जास, आपली तापी आटी गयी का?" हसून सोडून द्यायचं. पण खरं सांगू का, आपल्याकडच्या माणसाला डायव्हिंग जड जात नाही, बोट जड जाते. श्वास कसा घ्यायचा, कान कसे मोकळे करायचे हे चार-पाच दिवसांत येतं, पण हलणाऱ्या बोटीवर सात दिवस झोपणं, खाणं, दिवसातून तीन-चार वेळा ओला वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) चढवणं, हे कुणी आधी सांगत नाही आणि ट्रिपची वाट लागते ती बहुतेक तिथेच. म्हणून खालचं सगळं त्या हिशोबाने लिहिलंय.

आधी तयारी. पोहता येत नसेल तर आजपासून सुरू करा. ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या कोर्सला साधारण २०० मीटर न थांबता पोहायचं आणि १० मिनिटं तरंगून दाखवायचं असतं, त्याला वेळेचं बंधन नाही, त्यामुळे गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांनी उगाच घाबरू नये. आणि विहिरीचा तळ गाठायची शर्यत लावलेल्यांना कानाचं दुखणं माहितीच असेल, तेच इथे सांभाळायचं असतं. नाक दाबून हलकेच फुंकायचं, आणि दुखायला लागायच्या आधीच, दर मीटरला. दुखल्यावर जोर लावला तर पडद्याची वाट लागते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, पैसे भरलेत म्हणून तर अजिबात नाही.

कोर्स तारकर्लीला होतो, नेत्राणीला होतो, पण माझं मत विचाराल तर अंदमानात हॅवलॉकला करा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाणी स्वच्छ असतं आणि शिकताना समोरचं दिसलं की निम्मी भीती जाते. ओपन वॉटरवर १८ मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्डवर ३० पर्यंत. पॅसिफिकमधल्या चांगल्या जागा करंटच्या, म्हणजे जोराच्या प्रवाहाच्या आहेत, तिथे अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड लागतंच असं समजा, आणि नुसत्या कार्डावर जाऊ नका, तीस-चाळीस डाईव्ह खिशात असू द्या. मधे एखादी तीन-चार रात्रींची बोट थायलंडला सिमिलनला करून बघा, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ते पार्क उघडं असतं. बोट लागते की नाही हे तिथे स्वस्तात कळतं.

बोट लागण्यावरून आठवलं. अवोमिन, स्टुजेरॉन आपल्याकडे कुठल्याही मेडिकलवर मिळतात, पण डॉक्टरांना विचारून घ्या आणि आधी घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, काहींना एवढी झोप येते की अशा अवस्थेत ३० मीटरवर जाणं म्हणजे मूर्खपणा. बोट हलायला लागायच्या आधी गोळी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही. केबिन निवडता येत असेल तर खालची आणि मधली घ्या, पुढच्या टोकाची हेलकावे जास्त खाते.

आता कुठे जायचं. माझ्यासाठी पहिलं नाव पलाऊ. फिलिपिन्सच्या पूर्वेला छोटासा देश आहे, चलन अमेरिकन डॉलर, २००९ ला त्यांनी आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली आणि २०२० पासून त्यांच्या समुद्राचा जवळपास ८० टक्के भाग राखीव आहे. उतरल्यावर पासपोर्टवर एक शपथेचा शिक्का मारतात, पलाऊच्या पोराबाळांना उद्देशून लिहिलेली, तुम्ही खाली सही करायची. २०१७ पासून चालू आहे. आपल्याकडे गडावर जाताना असं काहीतरी पाहिजे असं वाटून जातं. साधं सनस्क्रीन नेऊ नका, कोरलला (प्रवाळाला) घातक रसायनं असलेल्या क्रीमवर २०२० पासून बंदी आहे, लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला, मेच्या उन्हात जळगावात वावरणाऱ्या माणसाला झाकून कसं राहायचं ते शिकवायला नको.

दुसरा पर्याय फिजी, आणि शाकाहारी मंडळींना मी आधी फिजीच सांगतो. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, साठेक हजार भारतीय तिथे नेले गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही हिंदी बोलतात, विमानतळाच्या नांदी गावाला टॅक्सीवाल्याशी हिंदीत घासाघीस करता येते आणि रोटी-डाळीची भ्रांत नाही. मऊ कोरलसाठी तर फिजीसारखं दुसरं नाही, करंट चालू असला की सगळं फुलतं, थांबला की मिटतं. तिसरं नाव मायक्रोनेशियातलं ट्रक लगून, १९४४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने दोन दिवस बॉम्ब टाकून बुडवलेली जपानी जहाजं, पण ते जहाजांच्या शौकिनांसाठी, पहिल्या ट्रिपला नको. शिवाय तिथला नेहमीचा रस्ता ग्वाममार्गे जातो आणि ग्वाम म्हणजे अमेरिका, नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. पलाऊचं तिकीट काढतानाही हे बघा, ग्वाममार्गे स्वस्त दिसतं आणि लोक फसतात. तैपेईमार्गे काढा. फिजीला सिंगापूरवरून नांदी. दोन्ही देशांत भारतीय पासपोर्टला उतरल्यावर परवाना मिळत आलाय, तरी तिकिटाआधी त्यांच्या सरकारी साईटवर बघून घ्या, आणि मधल्या देशाचे ट्रान्झिटचे नियम तर नक्कीच.

महिना कुठला? पलाऊला नोव्हेंबर ते एप्रिल, फिजीत त्या काळात चक्रीवादळांचा सीझन असतो म्हणून तिथे जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे पलाऊ दिवाळीनंतर आणि फिजी पावसाळ्यात, केळीच्या नाहीतर कपाशीच्या कामाप्रमाणे बसवा.

खर्च स्पष्टच सांगतो, पलाऊला बोटीचेच आठवड्याचे तीन ते चार हजार डॉलर धरून चाला, विमान वेगळं. पलाऊच्या विमान तिकिटात १०० डॉलर पर्यावरण फी आधीच घातलेली असते, रॉक आयलंडचा परवाना वरून, नायट्रॉक्स (टँकमध्ये भरायची जास्त ऑक्सिजनची हवा), भाड्याचं सामान आणि क्रूची टिप हेही बहुतेक वरूनच. विमा काढताना पॉलिसीत स्कूबा धरलंय का आणि किती मीटरपर्यंत, हे वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतं. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डायव्हिंग विमा वेगळा मिळतो, तो घ्या. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि डॉक्टरांची सही आणा.

बोट ठरवताना सगळे जेवणाचे आणि केबिनचे फोटो बघतात. मी पहिला प्रश्न विचारतो, रात्री जागं कोण असतं? २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची डाईव्ह बोट पहाटे पेटली, खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्रीचा पहारा नव्हता, आणि खालून वर यायचे दोन्ही रस्ते एकाच खोलीत निघत होते, जी पेटली होती. म्हणून बुकिंगआधी ईमेलवर विचारा: रात्रभर फिरता पहारेकरी आहे का, केबिनमधून बाहेर पडायचे दोन वेगळे रस्ते आहेत का, बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी बोट बघा, कितीही डिस्काउंट असू द्या. आणि चढल्यावर पहिल्या संध्याकाळी डोळे मिटून केबिनपासून डेकपर्यंत हात लावत जाऊन बघा, लोक हसतील, हसू द्या. टॉर्चची, कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी उशाशी चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

सामान मऊ बॅगेत भरा, केबिनमध्ये कडक सुटकेस ठेवायला जागाच नसते. मास्क, रेग्युलेटर (टँकमधून श्वास घ्यायचं यंत्र), डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) हँडबॅगेत, बाकीचं भाड्याने मिळतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधीच बनवून घ्या. पाणी २८-२९ डिग्री असतं तरी ३ मिलिमीटरचा वेटसूट लागतो, चौथ्या डाईव्हला गार पडायला होतं. भुसावळहून मुंबईची गाडी आणि पुढचं विमान यात भरपूर वेळ ठेवा, आणि बोट सुटायच्या निदान एक दिवस आधी पोचा, बॅग मागे राहिली तर ती येऊ शकते, सुटलेली बोट मागे येत नाही.

खाण्याचं. फॉर्मवर शाकाहारी, अंडं चालतं की नाही, सगळं लिहा, बोटीवरचा कुक ऐनवेळी काही करू शकत नाही. शेव आणि ठेचा नेणारच तुम्ही, न्या, पण फिजीत उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करायची, लपवलं तर दंड होतो. आणि कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, झणझणीत शेवभाजी हे डाईव्हच्या आदल्या रात्री नको, पोटातला गॅस खाली दबतो आणि वर येताना फुगतो. हसण्यावारी नेऊ नका. कोर्सच्या वेळी इन्स्ट्रक्टरला सांगून पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून खाली न्या, १० मीटरवर आतली हवा निम्मी होते आणि बाटली चपटते, ३० वर पाव. आता उलटं करा, खाली रेग्युलेटरमधून तोंडावाटे भरलेली हवा वर येताना तेवढीच फुगणार, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचं, मिनिटाला ९ मीटरच्या आसपास, शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून. हे एकदा बाटलीत बघितलं की पाठ करावं लागत नाही.

बोटीवरचा दिवस असा जातो: सहाच्या आसपास उठवतात, चहा, एखादं केळं (आपल्या रावेरच्या केळ्याची सर नाही), मग पांढऱ्या बोर्डावर गाईड रीफचं, म्हणजे प्रवाळाच्या खडकाचं चित्र काढून करंट कुठून येतोय, उतरायचं कुठे, निघायचं कुठे ते सांगतो. इथे मोबाईल बाजूला. मग छोट्या बोटीत बसून रीफपर्यंत आणि काठावरून पाठमोरं पाण्यात. वर आलं की नाश्ता, झोप, दुसरी डाईव्ह, जेवण, झोप, तिसरी, कधी रात्रीची चौथी. बिअर दिवसाची शेवटची डाईव्ह झाल्यावरच, आणि पाणी सारखं पीत राहायचं. नायट्रॉक्सचा कोर्स करूनच जा, दिवसाला चार डाईव्हमध्ये अंगात नायट्रोजन कमी साठतो, पण ३२ टक्के ऑक्सिजनच्या टँकवर ३३-३४ मीटरच्या खाली जायचं नाही, तिथे ऑक्सिजनच विषासारखा वागतो. प्रत्येक टँक स्वतः ऑक्सिजन मीटर लावून तपासायचा, पट्टीवर टक्के लिहून सही करायची, गाईड कितीही म्हणू दे की चेक केलाय.

खुणा पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला", उत्साहात अंगठा दाखवला तर बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, तुम्हाला वर घेऊन जाईल. टँक २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास भरलेला असतो, १०० झाला की गाईडला दाखवा, वर पोचताना ५० उरलेच पाहिजेत. एसएमबी, म्हणजे तो फुगवायचा नारिंगी लांबडा फुगा, स्वतःचा घ्या आणि आधी शिकून घ्या, करंटमध्ये तुम्ही कुठे वर याल ते बोटीवाल्याला त्यावरूनच कळतं.

पलाऊचं ब्लू कॉर्नर ही डाईव्ह समजून घेण्यासारखी आहे. रीफचं एक टोक खोल समुद्रात घुसलंय, भरती-ओहोटीचा करंट त्या भिंतीवर आदळून वर चढतो, त्यात बारीक मासे, त्यांच्यामागे बाराकुडा, त्यांच्यामागे ग्रे रीफ शार्क. पोहत राहिलात तर पाच मिनिटांत दम संपेल. म्हणून रीफ हूक: मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवायचा, जिवंत कोरलला कधीच नाही, दोरी बीसीडीला, म्हणजे हवेच्या जॅकेटला, जॅकेटमध्ये जरा हवा भरायची आणि हात सोडून द्यायचे, संक्रांतीच्या पतंगासारखे तुम्ही जागेवर तरंगता. सोडताना आधी जॅकेटमधली हवा काढायची, मग हूक, नाहीतर थेट वर फेकले जाल. जर्मन चॅनेलला मँटा (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे पसरट मासे) स्वतःला साफ करून घ्यायला येतात, छोटे मासे त्यांच्या अंगावरचं खातात, तिथे खाली वाळूवर शांत थांबायचं. पाठलाग केला की मँटा जातो आणि बाकीचे पंधरा जण तुमच्याकडे बघतात.

जेलीफिश लेकला टँक चालत नाही, फक्त स्नॉर्कल, तळ्याच्या खालच्या थरात विषारी हायड्रोजन सल्फाइड आहे. त्यामुळे ते शेवटच्या दिवसासाठी सोयीचं, कारण शेवटच्या डाईव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, २४ ठेवले तर उत्तम.

घरी आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. रेग्युलेटरच्या पहिल्या स्टेजचं (टँकला लागणाऱ्या भागाचं) झाकण मात्र आधी कोरडं करून लावा, आत पाणी जाता कामा नये. आणि वेटसूट गच्चीवर उन्हात वाळत घालू नका, जळगावच्या उन्हाने एका सीझनमध्ये रबराला तडे जातात, आत पंख्याखाली जाड हँगरवर टांगा.