लॅटिन पाठ करू नका, औषधाच्या चिठ्ठीवरनं शिका

सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बरीच वर्षं झाली आणि खरं सांगतो, जे काय थोडंफार लॅटिन येतं ते मी तिथंच शिकलो. डी.फार्मला, म्हंजे फार्मसीच्या डिप्लोमाला, बीडी, टीडीएस, एचएस ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरची लॅटिन आद्याक्षरं सगळी पोपटासारखी पाठ केलेली, पेपर झाला आणि धुऊन गेलं. मग एकदा एका आज्जीनं चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "बाळा, ह्ये एचएस म्हंजे हास्पिटलात जाऊन घ्यायची का रं गोळी?" म्हटलं, "न्हाई आज्जी, रात्री झोपताना." पण झोपताना का, ते मलाच माहीत नव्हतं. घरी जाऊन बघितलं तर 'होरा सोम्नी', झोपेची वेळ. होरा तर आपल्या ज्योतिषात पण आहे, आणि सोम्नुस हा आपल्या स्वप्नाचा चुलतभाऊ निघाला!

तर पद्धत ही. लांबलचक यादी घेऊन बसायचं नाही, घरातली जुनी चिठ्ठी काढायची, एकेक अक्षर फोडायचं आणि त्याचा संस्कृत-मराठीतला भाऊबंद शोधायचा. बीडी म्हंजे 'बिस इन दिए', बिस म्हंजे द्विः, दोनदा, आणि दिए हा आपल्या दिवसाच्याच घरातला. टीडीएस म्हंजे 'तेर दिए सुमेंदुम', तेर म्हंजे त्रिः, दिवसातनं तीनदा घ्यायचं (टॅक्सच्या टीडीएसशी काही संबंध नाही, एका सीए गिऱ्हाइकाला हे सांगून पटेना). पीसी म्हंजे 'पोस्ट किबुम', जेवल्यावर, पोस्टला पश्चात लावा. एसी म्हंजे 'आन्ते किबुम', जेवणाआधी. एवढं झालं की घड्याळातलं एएम-पीएम, म्हंजे 'आन्ते मेरिदिएम' आणि 'पोस्ट मेरिदिएम', आपोआप उलगडतं, कारण मेरिदिएस म्हंजे मध्य अधिक दिवस, म्हंजे आपला मध्यान्ह, त्याच्या आधी आणि नंतर, बास.

मला सगळ्यात आवडतो तो 'स्टॅट'. मूळ शब्द स्टाटिम, म्हंजे ताबडतोब, आणि तो आलाय उभं राहण्याच्या धातूवरनं. आपण नाही का म्हणत, उभ्या उभ्या चहा घेऊन जा? अगदी तसाच.

एसओएसला मात्र सांभाळा. लोकांना वाटतं अर्जंट आहे, घेतलीच पाहिजे. ते आहे 'सी ओपुस सित', गरज पडली तरच. ओडीचं पण तसंच, साध्या चिठ्ठीवर 'ओम्नी दिए' म्हंजे रोज, पण चष्म्याच्या नंबरावर 'ओकुलुस डेक्स्टर' म्हंजे उजवा डोळा. डेक्स्टर आणि दक्षिण सख्खे, उजवीकडनं घालतो ती प्रदक्षिणा आठवा. आणि हो, चिठ्ठी वाचता आली म्हणून डोस आपल्या मनानं बदलायचा नाही, शंका आली की डॉक्टरला फोन.

आता मोठी वाक्यं. 'क्विड प्रो क्वो', याच्या बदल्यात ते. आज ते देवाणघेवाणीला, जरा वाईट अर्थानं पण वापरतात, पण सोळाव्या शतकात इंग्रजीत ते आमच्या धंद्यातलं होतं, एका औषधाच्या जागी दुसरं दिलं की क्विड प्रो क्वो. म्हंजे "ती कंपनी नाही, ही चालेल का?" हे आम्ही रोज विचारतो ते. रोमन सेनापती सीझरचं 'वेनी विदी विकी', आलो, पाहिलं, जिंकलं, इसवीसनपूर्व ४७ मधल्या झेलाच्या लढाईनंतरचं, यातलं विदी हे विद् धातूच्या, वेदाच्या घराण्यातलं. कॉलेजातला बोनाफाईड दाखला म्हंजे 'बोना फिदे', चांगल्या श्रद्धेनं.

आणि 'कार्पे दिएम'. होरेस नावाच्या रोमन कवीची ओळ. सगळे सांगतात दिवस पकडा, पण कार्पे म्हंजे खुडणं, फळ-फूल खुडतात तसं. तासगावकडं द्राक्षबागेत बघा, घड तळहातावर अलगद धरून देठाला कात्री लावतात, आणि वेळेत लावतात, कारण एखादा अवकाळी आला की मणी तडकले आणि वर्षाची मेहनत गेली. दिवस तसा खुडायचा, हे तासगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी जुन्या बिलबुकाच्या पाठीमागं रोज एकच वाक्प्रचार लिहितो, खाली शब्दाला शब्द मराठी, शेजारी भाऊबंद. 'अ‍ॅड हॉक' म्हंजे 'एवढ्यापुरतं', त्याला अजून कोणी नातेवाईक सापडला नाही, तो तसाच रट्टा मारून ठेवलाय.