पत्नीसाठी रायफल बसवून घेताना या चुका टाळा

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि आमच्या घरात नेमबाजीचा विषय पुन्हा निघाला. मी महाविद्यालयात असताना एअर रायफल मारत असे. पत्नीने मात्र वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर, पहिल्यांदा ती हातात घेतली. तिच्यासाठी खास रायफल तयार करण्याची हौस माझी होती आणि पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका त्या हौसेपोटीच घडलेल्या आहेत.

पहिला गैरसमज ‘तयार करणे’ या शब्दाचाच असतो. परदेशातले व्हिडिओ पाहून नळी, अॅक्शन (गोळी भरण्या-सोडण्याची यंत्रणा) आणि स्टॉक (खांद्याला व हाताला टेकणारा सांगाडा) सुटे मागवून घरी रायफल जोडता येईल असे अनेकांना वाटते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हा गुन्हा आहे आणि कुसाळेच्या प्रकारातली .२२ रायफल नुसती विकत घ्यायलाही परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला तो लागत नाही, त्यामुळे १० मीटर प्रकारापासून सुरुवात करणे सर्व दृष्टींनी सोयीचे ठरते. या रायफलचीही नळी, हवेचा सिलिंडर आणि रेग्युलेटर यांना घरी हात लावायचा नाही. आपण जुळवायचे ते फक्त शरीराला टेकणारे भाग, म्हणजे खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाखालचा चीक पीस, मुठीत धरायची ग्रिप, पुढच्या हाताखालचा हँड रेस्ट, आणि त्यांच्या जोडीला नेम धरायच्या साइट्स व वजने.

खरेदीपूर्वी डोळा न तपासणे ही आमची सर्वांत महाग पडलेली चूक. पत्नी उजव्या हाताने लिहिते, म्हणून मी बिनदिक्कत उजव्या हाताचा स्टॉक घेतला. दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये लहानसे भोक ठेवायचे, त्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा, एवढीच ही तपासणी असते. जो डोळा उघडा असताना टाकी जागेवर राहते तो प्रभावी डोळा, ज्याला रेंजवर ‘मास्टर आय’ म्हणतात. तिचा तो डावा निघाला, आणि हे कळले रायफल घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात. अशा वेळी डाव्या हाताने मारायला शिकणे किंवा डाव्या डोळ्यासमोर ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावून उजव्या डोळ्याने नेम धरणे असे दोन मार्ग असतात. आम्ही दुसरा पत्करला. ब्लाइंडर काळा न घेता पांढरट, अर्धपारदर्शक घ्यावा, कारण एका डोळ्यापुढे पूर्ण अंधार केला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. डोळा मिटून धरण्याची सवय तर मुळीच लागू देऊ नये. चेहऱ्याचे स्नायू पंधरा मिनिटांत थकतात.

वजनाच्या बाबतीत नवरे मंडळी हमखास घसरतात. ‘बाईसाठी आहे, हलकी द्या’ हे वाक्य मी स्वतः दुकानात उच्चारले आहे. नियमानुसार रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि उभ्याने मारताना तो भार दंडाच्या स्नायूंनी पेलायचा नसून हाडांवर ठेवायचा असतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या लगत बरगडीशी टेकतो आणि भार पायांत उतरतो. हा टेकू नीट बसला नसेल तर चार किलोची रायफलही जड वाटते. तो बसला असेल तर फार हलक्या रायफलची नळी उलट जास्त डोलते. सुरुवातीला सुट्या वजनांशिवाय मारावे आणि पवित्रा स्थिर झाला की पन्नास-शंभर ग्रॅमचे तुकडे एकेक करून लावावेत, तेही कोचला विचारून. जुन्या मित्रांचा एक सल्ला मात्र आता विसरावा. महिलांचा सामना पूर्वी ४० गोळ्यांचा असे, म्हणून ‘तेवढा वेळ कसेही निभते’ असे म्हटले जाई. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांप्रमाणे ६० गोळ्या मारायच्या असतात आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो. बेतशीर न बसलेला स्टॉक चाळिसाव्या गोळीनंतर खांद्यात आणि मानेत बोलू लागतो.

आता स्टॉकची जुळवणी, जिथे माझे तीन रविवार वाया गेले. मी रायफल स्वतःच्या खांद्याला लावून सगळे स्क्रू आवळत होतो आणि मग ती तिच्या हाती देत होतो. एकदा ती शांतपणे म्हणाली, “रायफल तुझीच आहे अरे, मी फक्त धरून उभी आहे.” त्यानंतर उलट क्रम लावला. आधी तिला जॅकेट, पँट आणि बूट घालून रायफलशिवाय पवित्र्यात उभे केले, मान सरळ, नजर समोर, कोपर कमरेवर. आणि मग रायफल तिच्याजवळ नेली. साध्या टी-शर्टवर घेतलेली मापे जाड जॅकेट चढवल्यावर बदलतात, त्यामुळे ती घेऊच नयेत.

कोपर कमरेवर टेकवला की तिच्या हाताची मूठ हनुवटीच्या बरीच खाली राहत होती. रायफलशी डोळा जुळवण्यासाठी ती मान खाली घाली आणि काही मिनिटांत मानेला रग लागे. तिने वाकावे असा आग्रह धरणे ही इथली चूक. हँड रेस्टखाली राइजर (उंची वाढवणारा ठोकळा) घालून रायफल वर आणली, बट प्लेट खाली सरकवली आणि साइट्सखाली ठोकळे बसवले, तेव्हा डायॉप्टर (बारीक छिद्राची मागची साइट) आपोआप तिच्या डोळ्यासमोर आला. बटची लांबी ठरवताना नवखा माणूस हाताची लांबी मोजत बसतो. पाहायचे असते ते बोट. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा, ती सरळ मागे दाबली जावी आणि बोटाची बाकीची बाजू स्टॉकला घासू नये. आमची ग्रिप तिच्या हाताला जाड होती, म्हणून भवानी पेठेतल्या एका सुताराकडून लाकूड कानशीने उतरवून घेतले आणि तळहाताच्या पोकळीत एम-सीलचा पातळ थर दिला. तो ओला असताना तिने ग्रिप पाच मिनिटे धरून ठेवली. तिच्या करंगळीचा आणि अंगठीचा ठसा त्यावर अजून आहे. अंगठी आधी काढायला हवी होती, हे ओघाने आलेच.

चीक पीस शेवटी लावावा आणि त्याची परीक्षा डोळे मिटून घ्यावी. तिने डोळे मिटून गाल सैलपणे टेकवावा, मग उघडावेत. डायॉप्टरच्या वर्तुळात वर किंवा खाली काळी कोर दिसली तर चीक पीसची उंची चुकली आहे. कोर डावीउजवीकडे दिसली तर तो आडवा सरकवायला हवा. गाल दाबून ती कोर घालवता येते, आणि इथेच फसगत होते, कारण दहाव्या गोळीला दाब निराळा पडतो.

ट्रिगर मी माझ्या सवयीने अगदी हलका ठेवला होता. परिणामी बोट टेकताच गोळी सुटे आणि ती दचके. दचकण्याची सवय लागली की ती घालवायला महिने लागतात. नवख्यासाठी ट्रिगर दाबण्याचा पहिला टप्पा स्पष्ट जाणवेल आणि दुसऱ्या टप्प्यावर बोट निश्चित थांबेल एवढा भार ठेवावा. नेम धरण्याआधी बोट ट्रिगरपासून दूर, हा शिस्तीचा भाग कोणत्याही जुळवणीने भरून निघत नाही.

गोळ्या विखुरल्या की लगेच साइटचे क्लिक (साइट किंचित सरकवणारे फिरकीचे टप्पे) फिरवणे हा पुढचा रोग. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते, त्यामुळे एकेका गोळीमागे धावून काही साधत नाही. ग्रुप (गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) घट्ट आहे पण बाजूला आहे, तर क्लिक फिरवावेत. ग्रुप आडवा पसरत असेल तर शरीराची नैसर्गिक दिशा तपासावी: नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे, नळी लक्ष्याच्या डावीकडे गेलेली असेल तर हातांनी ओढून आणू नये, पावले सरकवावीत. ग्रुप उभा पसरत असेल तर बहुधा श्वास नीट थांबत नसतो किंवा कोपर कमरेवरून निसटत असतो. पुढच्या साइटमधली रिंग लहान घेतल्यास नेम अधिक अचूक होतो हाही समज टाकून द्यावा. लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कडा सहज दिसेल एवढी रिंग मोठी असावी; ती अगदी चिकटून असली तर डोळा क्षणोक्षणी दुरुस्ती करू पाहतो आणि गोळी सुटायला उशीर होतो.

पेलेटच्या (एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांच्या) निरनिराळ्या डब्यांची चाचणी पहिल्या वर्षी करू नये. रायफल शिकंज्यात धरून पेलेट निवडण्याइतका फरक तेव्हा मारणाऱ्याच्या हातात आलेला नसतो. सिलिंडर २०० बारपर्यंत भरताना सावकाश भरावा आणि त्यावर छापलेली मुदत पाहावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रायफल ओल्या केसमध्ये तशीच ठेवू नये. आम्ही रेंजवरून भर पावसात स्कूटरने घरी आलो आणि केस दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज धरला होता.

एका वेळी दोन गोष्टी बदलणे ही चूक मी अजूनही अधूनमधून करतो. म्हणून घरात एक दोनशे पानी वही ठेवली आहे: तारीख, बटची लांबी, चीक पीसची खूण, हँड रेस्टची उंची, आणि त्यापुढे तिच्या अक्षरात एक ओळ, ‘मान दुखली नाही’ किंवा ‘डावा गुडघा लटपटला’. मी मोजलेल्या मिलिमीटरांपेक्षा या ओळींनी अधिक दुरुस्त्या करून घेतल्या. अॅलन की आता तिच्या पिशवीत असते आणि ती मागितल्यावर आधी विचारणा होते की काय बदलायचे आहे आणि का.